शेवटचं कडवं म्हणा

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठा कधीच गेला, शिवण उसवली, काही पानांवर चहाचे डाग. गाणी ऐकायचा नाद मला लहानपणापासून. चौदा एप्रिल असो, सहा डिसेंबर असो, वस्तीत कुणाचं बारसं असो नाहीतर मयताचं जलदान असो, जिथं गायन पार्टी बसली तिथं मी पुढच्या रांगेत. आवडलेलं गाणं वहीत उतरवायचं आणि खाली गायकाचं नाव लिहायचं, अशी सवय.

एकदा कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे बाबा शेजारी बसले होते. त्यांनी वही चाळली. एका गाण्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे कुणाचं?" मी गायकाचं नाव सांगितलं. बाबा म्हणाले, "गळा त्याचा रं पोरा. गाणं कुणाचं?"

मला सांगता आलं नाही. घरी येऊन सगळी वही पाहिली. पानोपानी गायकांची नावं. गाणं रचलं कुणी, कोणत्या गावात, कशासाठी, याचा पत्ता नाही. मी स्वतःला मोठा रसिक समजत होतो, कार्यकर्ताही समजत होतो. बाबांच्या एका प्रश्नानं दोन्ही पदव्या गेल्या.

तिथून मी ही गाणी मागं मागं तपासत गेलो. जे हाती लागलं ते इथं मांडतो. मित्रांनो, हा नुसता गाण्यांचा इतिहास नाही. ज्या माणसांना हजारो वर्षं अक्षराला हात लावू दिला नाही, त्यांनी आपला इतिहास गळ्यात सांभाळला. तो गळा कुणाचा आणि ते शब्द कुणाचे, हे आपण नाही लिहायचं तर कुणी लिहायचं?

*

सुरुवात तमाशापासून करावी लागते. आवडो न आवडो. ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं ही वाद्यं महार-मांगांच्या हातात होती. गावकीनं हलगी वाजवायला लावली, गावानं ती ऐकली आणि वाजवणाऱ्याला वेशीबाहेर ठेवलं. कला आमची, बिदागी दुसऱ्याची मर्जी.

पठ्ठे बापूरावांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठऱ्याचे ब्राह्मण, जन्म १८६६चा. जात सोडून तमाशात आले, लावण्या रचल्या. त्यांचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण त्यांच्या फडाला गर्दी व्हायची ती पवळाबाईच्या गळ्यावर आणि रूपावर. ही पवळा संगमनेरकडच्या हिवरगावची, महाराची लेक. बापूरावांच्या लावण्यांचे ग्रंथ निघाले. पवळाच्या वाट्याला आल्या आख्यायिका. सांगतात की महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं होतं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, कारण तो पैसा आपल्याच बाईला नाचवून मिळालेला. ही गोष्ट पुढच्या जलशांसाठी फार महत्त्वाची. गाणं हवं, पण बाईची विटंबना करून नको, अशी रेघ तिथं ओढली गेली.

त्याआधी जोतीरावांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा रचून वाट दाखवलीच होती. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, आणि पुढं ओतूरच्या भीमराव महामुनींनी सत्यशोधक जलसा उभा केला. तमाशाचा सांगाडा तोच, आतला जीव बदलला. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. जलशात गण म्हटला तर गणपतीच्या जागी निसर्ग आला, सत्य आलं. बतावणीत भटजी आणि सावकाराची फजिती आली. शेतकरी पोट धरून हसला आणि हसता हसता शहाणा झाला. भाषणानं जे होत नाही ते असं होतं.

*

आंबेडकरी जलसा ह्याच कुळातला, पण त्याचा जन्म लढ्यात झाला. २० मार्च १९२७ला महाडचं चवदार तळं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. २ मार्च १९३०ला नाशिकचा काळाराम. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्याची घोषणा. एवढ्या गोष्टी आठ-नऊ वर्षांत झाल्या. आता विचार करा, हे सगळं खेड्यातल्या महारवाड्यात पोचलं कसं? 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' ही पत्रं होती, पण वाचणारे किती? एका गावात एखादा. रेडिओ नाही, लाऊडस्पीकर नाही. गॅसबत्तीच्या उजेडात, दिवसभराचं काम उरकून, रात्री जलसा उभा राहायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. महाड काय झालं, पुणे करारानं काय नेलं, मेलेल्या ढोराचं मांस का सोडायचं, पोरगं शाळेत का घालायचं, दारू का टाकायची, हे सगळं त्या रात्रीत सांगितलं जायचं. चळवळीची शाळा ती हीच.

या जलशांतलं मोठं नाव भीमराव कर्डक. नाशिक जिल्ह्यातले, कसबे सुकेण्याचे, जन्म १९०४चा. त्यांच्या जलशात स्त्रीपात्र पुरुष करायचे, बाई नाचवायची नाही हा दंडक. माझी दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा सारखेच, अशा अर्थाचं बाबासाहेब बोलल्याचं आपली जुनी माणसं अजून अभिमानानं सांगतात.

पण माझ्या दृष्टीनं कर्डकांचं सगळ्यात मोठं काम १९७८चं. त्या वर्षी त्यांचं 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक आलं. सत्तरी ओलांडलेला माणूस बसला आणि जे गायलं ते लिहून काढलं. पार्टीत कोण होतं, काय गायलं, हे कागदावर ठेवलं. ते झालं नसतं तर आज आपण जलसा जलसा म्हणालो असतो आणि दाखवायला चार ओळी हाती नसत्या. इतर किती जलसे गावोगाव होते! त्यांची बाडं कुठं गेली? काही पावसात भिजली, काही वाळवीनं खाल्ली, काही चुलीत गेली. घरातल्या पोरांनी रद्दी समजून विकली. यात प्रस्थापितांचा हात नाही, मित्रांनो. हा आपला हलगर्जीपणा आहे.

*

आता माझ्या आवडीच्या माणसाकडं येतो. वामनदादा कर्डक. भीमराव कर्डक आणि वामनदादा या दोघांत पोरं हमखास घोटाळा करतात. आडनाव एक, जिल्हा एक, माणसं दोन. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत आले, मिळेल ते काम केलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. एकदा चाळीत कुणीतरी एक पत्र त्यांच्यापुढं धरलं आणि वाचून दाखवा म्हणालं. अंगावर कपडे नीटनेटके, त्याला वाटलं शिकलेला दिसतोय. दादांना रडू फुटलं. तिथून त्यांनी बाराखडी गिरवली, आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं पक्की केली. मग १९४३ साली पहिलं गाणं रचलं, एका हिंदी सिनेमाच्या गाण्यावर विडंबन म्हणून. पाट्या वाचून शिकलेल्या या माणसानं पुढं हजारो गाणी रचली आणि त्यांवर आज विद्यापीठात प्रबंध होतात.

दादांचं गाणं का आवडतं? शब्द साधा, पण त्याच्या पोटात हिशेब असतो. कुणाकडं किती आहे, कष्ट कुणाचे आणि मलई कुणाला, हे ते सरळ विचारतात. बाबासाहेबांवर माया करतात तीही लेकरासारखी, भक्तासारखी नाही. आणि दादा शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवतात. 'वामन' हा शब्द आला की समजायचं, गाणं आता घरी आलं.

ही नाममुद्रा गंमत म्हणून नव्हती. चोखोबांनी अभंगाच्या शेवटी नाव घातलं, सोयराबाईनं 'चोखियाची महारी' म्हणून आपली खूण ठेवली, शाहिरांनी ठेवली. ज्याच्याकडं छापखाना नाही, वकील नाही, मालकीचा कागद नाही, त्याच्या गाण्याचा सातबारा म्हणजे ते शेवटचं कडवं. गाणं शंभर गळ्यांतून फिरलं तरी नाव सोबत फिरतं. १९७७ साली दादांचा संग्रह निघाला त्याचं नावच 'हे गीत वामनाचे'. त्याआधी १९७३ला 'वाटचाल', १९७६ला 'मोहळ'. १५ मे २००४ला नाशिकात दादा गेले. झोपडीत, पारावर, रेल्वेच्या डब्यात त्यांनी किती गाणी नुसतीच देऊन टाकली त्याची मोजदाद नाही.

*

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाप गेला. तमाशाच्या अंगाचा जलसा हळूहळू मागं पडला आणि भीमगीतं, बुद्धगीतं पुढं आली. गायन पार्ट्या निघाल्या. पेटी, ढोलक, बँजो, मागं कोरस. मुंबईच्या चाळींत आणि विदर्भातल्या वस्त्यांत कव्वालीचे सामने रंगू लागले. एक पार्टी सवाल टाकायची, दुसरी जबाब द्यायची. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, लक्ष्मण राजगुरू ही नावं घेतली की जुन्या माणसांचे डोळे आजही चमकतात.

शिकलेली मंडळी नाक मुरडतात, म्हणतात चाली सिनेमाच्या चोरल्या. अरे बाबांनो, ज्याला वाचता येत नाही त्याला गाणं एका रात्रीत पाठ व्हायला पाहिजे. चाल आधीच तोंडात असली की धृपद दुसऱ्या वेळी आपोआप उचललं जातं आणि सगळी वस्ती कोरस होते. चाल म्हणजे भाड्याची हातगाडी. माल आपला होता. आणि हा माल चार-आठ आण्याच्या चोपड्यांतून दीक्षाभूमीच्या, चैत्यभूमीच्या फूटपाथवर विकला जायचा. त्या चोपडीवर कवीचं नाव असायचं हे ध्यानात ठेवा.

या काळातलीच दुसरी धार अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची. वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेल्या अण्णांनी १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. पक्ष कम्युनिस्ट, पण १९५९ची 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. बाबासाहेबांवरचं त्यांचं गाणं आज आपल्या प्रत्येक मोर्च्यात म्हटलं जातं. किती पोरांना ठाऊक आहे की ते अण्णांचं? १८ जुलै १९६९ला अण्णा गेले, गरिबीत गेले. महिनाभरानं, २९ ऑगस्टला, अमर शेख.

१९७२ला पँथर आली. वरळीची दंगल १९७४ची. २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. ही सोळा वर्षं गाण्यांनीही लढवली. सायकलवर पेटी बांधून पार्ट्या हिंडल्या. पोचिराम कांबळेंवर, गौतम वाघमारेंवर गाणी झाली. माझ्या वहीत त्यातली तीन आहेत. तिन्हींखाली कवीचं नाव नाही.

*

मग कॅसेट आली. १९८०च्या दशकात टेपरेकॉर्डर स्वस्त झाला आणि गाणं घरात शिरलं. प्रल्हाद शिंदेंचा आवाज मंडपामंडपातून वाजू लागला. काय पहाडी गळा! माइक नसता तरी नदीपलीकडं गेला असता. त्याच गळ्यानं विठ्ठल गायला आणि त्याच गळ्यानं भीम गायला. यावरून काहींनी त्यांना बोल लावले. मला ते पटत नाही. कलावंताचं पोट बाजारानं धरलेलं होतं, आपण ते सोडवायला किती पैसे काढले? त्यांच्यामागं आनंद, मिलिंद, आणि आता नातू आदर्श. वामनदादांनंतर सव्वा महिन्यानं, २३ जून २००४ला, प्रल्हाददादाही गेले.

कॅसेटनं गाणं लांब नेलं हे खरं. पण एक नुकसानही केलं. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कवीचं नाव बारीक, कधी नाहीच. आणि वेळ मोजका म्हणून कडवी कापली. मी स्वतः चोपडी आणि कॅसेट शेजारी ठेवून पाहिलं. चोपडीत पाच कडवी, कॅसेटवर तीन. कापलं कोणतं? शेवटचं. ज्यात नाव होतं तेच! लग्नात, मिरवणुकीत आज जे गाणं सगळा समाज नाचत म्हणतो, त्यातली कितीतरी मुक्ताईनगरच्या प्रतापसिंग बोदडेंची. बोदडे वामनदादांचे शिष्य. गाणं माहीत नाही असा माणूस नाही, पण बोदडे कोण विचारा, दहातले आठ गप्प.

आणि ज्यांचं नाव राहिलं त्यांनी काय मोजलं तेही बघा. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, लोक रस्त्यावर आले, राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. विलास घोगरे हे आपले शाहीर, झोपडपट्टीतले, डाव्या चळवळीत गाणारे. ते तिथं जाऊन आले आणि चारच दिवसांनी डोक्याला निळं फडकं बांधून त्यांनी स्वतःला संपवलं. आनंद पटवर्धनांनी तिथून चित्रण सुरू केलं आणि चौदा वर्षांनी 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला. सिनेमा झाला म्हणून घोगरे राहिले. विठ्ठल उमपांचं मरण निराळं. 'जांभूळ आख्यान'वाले उमप, २६ नोव्हेंबर २०१०ला नागपुरात, दीक्षाभूमीच्या मंचावर गेले. शाहिराला याहून मोठी जागा कोणती?

*

आता नवीन माणसांविषयी. रसिक म्हणून मला नवा आवाज सापडला की चार दिवस झोप येत नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या, कडूबाई खरात. हातात एकतारी, डोक्यावर पदर, आवाजात सगळा मराठवाडा. मोबाइलवर त्यांची गाणी फिरली आणि लोक म्हणाले, नवी गायिका सापडली. नवी कुठली? दारोदार गाऊन त्या कधीच्या पोट भरत होत्या. आपण आज वळून पाहिलं, एवढंच.

अशाच बाया जात्यावर बसलेल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. १९९६ साली त्या टेपवर घेतल्या. भीम भाऊ, भीम बाप, भीम घरचा पाहुणा. दळता दळता आपल्या आयांनी चळवळ पिठासारखी बारीक करून लेकरांच्या पोटात घातली. आणि त्या संग्रहात प्रत्येक ओवीसोबत बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. मला लाज वाटली ती इथं. बाहेरून आलेल्या माणसांनी जे केलं, ते माझ्या वहीनं केलं नव्हतं.

शाहीर संभाजी भगत आहेत. 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकातली, 'कोर्ट' सिनेमातली त्यांची गाणी ऐका. 'कोर्ट'मध्ये गाण्यावरून खटला भरलेला शाहीर दाखवला आहे. तो रंगवणारे नागपूरचे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले, २०२१ साली कोरोनानं गेले. सिनेमातला खटला काही हवेतला नाही. पुण्याचा कबीर कला मंच २००२ सालचा, आणि त्याच्या कलावंतांनी तुरुंग पाहिला आहे. गाण्याला सत्ता भिते, हे आपल्यापेक्षा सत्तेलाच जास्त कळतं.

महाराष्ट्राबाहेरही हीच हवा आहे. पंजाबात जालंधरची गिन्नी माही रविदास आणि बाबासाहेब गाते. चेन्नईत पा. रंजित यांनी उभा केलेला 'कास्टलेस कलेक्टिव्ह' जानेवारी २०१८मध्ये पहिल्यांदा मंचावर आला. 'जात नसलेले तमिळ' हा पंडित अयोत्तीदासांचा शब्द, त्यावरून हे नाव घेतलेलं. त्यांच्या गाण्यात पराई वाजते. पराई म्हणजे आपली हलगीच समजा. तिकडंही ती मयतापुढं वाजवायची सक्ती जातीनं केली, आणि आता पोरं ती मानानं वाजवतात. अमरावतीचा विपिन तातड रॅप करतो. जुनी माणसं म्हणतात हे काय बडबडणं. मला त्यात बतावणीच ऐकू येते. सवाल तोच, ठेका नवा. आणि रॅपवाला आपलं नाव गाण्यात घेतो, हे तर वामनदादांचंच चालवणं झालं.

*

तेव्हा कार्यकर्ते मित्रांनो, काम सांगतो. मोठं नाही.

तुमच्या वस्तीत साठीच्या पुढचा एखादा गाणारा बाबा, एखादी आजी असेल. या रविवारी जाऊन बसा. पायात चपला घालून उंबऱ्यातून विचारू नका, आत बसा, चहा घ्या. गाणं म्हणायला लावा आणि पुरं म्हणायला लावा. मग विचारा, कुणी रचलं, कुठलं, कोणत्या साली, कोणत्या चालीवर, मागं कोरसला कोण होतं, ढोलक कुणाची. सगळं लिहा. मोबाइल आहे, आवाजही धरून ठेवा. त्यांच्याकडं बाड असेल तर मागून नेऊ नका, तिथंच फोटो काढा. नेलेली बाडं परत येत नाहीत, हा अनुभव आहे.

कार्यक्रम ठरवताना सूत्रसंचालकाला सांगा, गायकाच्या आधी कवीचं नाव. पाकीट गायकाला देता, कवी हयात असेल तर त्यालाही द्या. नुसता हार घालू नका.

माझ्या वहीत आता प्रत्येक गाण्याखाली दोन ओळी सोडल्या आहेत. काही भरल्या. बऱ्याच रिकाम्या आहेत. नामांतराची ती तीन गाणी अजून तशीच. कुणाच्या बापानं, मामानं, काकानं ती रचली असतील. तुमच्या घरी विचारा.

आणि पुढच्या चौदा एप्रिलला पार्टी दोन कडव्यांवर थांबायला लागली तर पुढच्या रांगेतून ओरडा, दादा, शेवटचं कडवं म्हणा.

जयभीम.